कर्ज काढून मोठी लेन्स घेऊ का?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात ताडोब्याला गेले होते. वाघ दिसला, पण मोबाईल आत नेता येत नाही आणि कॅमेरा माझ्याकडे नव्हता. शेजारच्या जिप्सीत एकाकडे भली मोठी लेन्स होती. तेव्हापासून वन्यजीवांची फिल्म करायचं डोक्यात बसलंय. दुकानदार फुल फ्रेम कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची लेन्स सुचवतोय. लेन्समध्येच स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, ट्रायपॉड लागत नाही, असं त्याचं म्हणणं. पतसंस्थेतून कर्ज मिळेल. घराजवळच्या विहिरीवर सुगरणीची घरटी होतात. रेहेकुरी अभयारण्य जवळ आहे, भिगवणही फार लांब नाही. कर्ज काढून हे सामान घेऊ का? ड्रोन घ्यावा का? आणि शाळेतल्या मुलांना सोबत नेलं तर चालेल का?"

नमस्कार ताई,

आधी सरळ उत्तर देतो. कर्ज काढू नका आणि ती लेन्स या वर्षी तरी घेऊ नका. लेन्स वाईट आहे म्हणून नाही, चांगलीच आहे. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे: घराजवळच्या विहिरीवर सुगरणीची घरटी होतात. ज्याला रोज सकाळी शाळेच्या आधी तासभर त्या विहिरीवर बसता येतं, त्याला फिल्म करता येते. ताडोब्यात काही तासांच्या सफारीत वाघ दिसला, तर दिसतो काही मिनिटं. शेजारी चार-सहा जिप्सी, कोणी बोलतंय, कोणी उभं राहतंय, आणि वाघ रस्ता ओलांडून जातो. त्या दृश्याला आगापिछा नसतो. तो कुठून आला, कशासाठी आला, पुढे काय केलं, हे चित्रात येत नाही. विहिरीवर मात्र एका नराने पहिली गाठ मारल्यापासून पिल्लं उडेपर्यंतचा सगळा संसार तुमच्यासमोर घडणार आहे.

आता लेन्सचा हिशेब. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने भागायचं आणि अंतराने गुणायचं, की तेवढ्या अंतरावर किती रुंदीचं चित्र मिळेल ते कळतं. समजा घरटी तुमच्यापासून दहा मीटरवर आहेत. ६०० मिलिमीटरला तुम्हाला साठ सेंटिमीटर रुंदीचं चित्र मिळेल आणि व्हिडिओच्या चौकटीत उंची जेमतेम चौतीस सेंटिमीटर. लांब नळी असलेलं घरटं त्यात पूर्ण मावणारही नाही. ३०० मिलिमीटरला सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंदी मिळते, त्यात घरटं, नर आणि शेजारचं अर्धवट घरटं असं सगळं नीट बसतं. म्हणजे तुमच्या मुख्य विषयासाठी ६०० ची गरज फक्त चोचीच्या अगदी जवळच्या दृश्याला आहे. रेहेकुरीचं काळवीट शंभर मीटरवर असेल, तर ६०० ला सहा मीटर रुंदी मिळते. तिथे मोठी लेन्स खरंच कामाची. पण ती चार दिवसांपुरती पुण्या-मुंबईतून भाड्याने आणता येते.

त्याऐवजी काय घ्यायचं? पहिला पर्याय म्हणजे एक इंची सेन्सरचा, लेन्स जोडलेलाच मिळणारा कॅमेरा. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा त्यातला नावाजलेला, २४ ते ६०० मिलिमीटरइतका झूम त्याच्या अंगातच आहे. वापरलेला चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर घ्या. दुसरा पर्याय मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा. पॅनासॉनिकची जुनी जी मालिका किंवा जीएच मालिका घेतली, तर तिच्यावर १००-३०० ची लहानशी लेन्स फुल फ्रेमच्या २००-६०० इतकं काम करते, कारण त्या सेन्सरमुळे चित्राचा कोन निम्मा होतो. वजन इतकं कमी की झोळीत टाकून सायकलवर नेता येईल. निकॉनचे पी९५० आणि पी१००० लोक डोळे झाकून सुचवतात. एकाचा झूम २००० मिलिमीटरपर्यंत जातो, दुसऱ्याचा ३००० पर्यंत. आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. त्यांचा सेन्सर सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, पावसाळी ढगाळ सकाळी त्यावर चित्र दाणेदार आणि मळकट येतं. आणि तुमचं काम नेमकं पावसाळ्यात, सकाळी, विहिरीच्या सावलीत आहे.

वाचलेल्या पैशांतला मोठा भाग ट्रायपॉडवर घालवा. दुकानदाराचं म्हणणं फोटोपुरतं खरं आहे. फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, तेवढा वेळ स्टॅबिलायझर सांभाळून नेतो. व्हिडिओत तुम्हाला दहा-बारा सेकंद तेच चित्र धरून ठेवायचंय. ६०० मिलिमीटरला आडवा कोन साडेतीन अंशांहूनही थोडा कमी असतो. हात अर्धा अंश हलला तर चौकटीचा सातवा हिस्सा हलला. श्वास घेतला की पक्षी वर-खाली डोलतो आणि बघणाऱ्याला मळमळतं.

ट्रायपॉडमध्ये पायांपेक्षा डोकं महत्त्वाचं, आणि ते व्हिडिओचं, संथ आणि एकसारखं वळणारं फ्लुइड हेडच हवं. फोटोचं बॉल हेड घेऊन काहीही उपयोग नाही. दुकानात गेलात की स्वतःच्या कॅमेऱ्याने तपासा. कॅमेरा वर चढवा, झूम पूर्ण वाढवा, रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं एखादं अक्षर चौकटीत धरा. मग हँडल अगदी हळू उजवीकडे सरकवा आणि सोडून द्या. चित्र जिथे सोडलं तिथेच थांबलं तर हेड चांगलं. सोडल्यावर जरासं मागे उसळलं, तर ते हेड कितीही स्वस्त असलं तरी परत करा. ती उसळी पुढे तुमच्या प्रत्येक शॉटच्या शेवटी दिसेल. सुरुवातीला हेड हिसका देतं का, तेही बघा. मधला दांडा वर काढून काम करायचं नाही, त्याने सगळी मजबुती जाते. कॅमेरा ट्रायपॉडवर चढला की स्टॅबिलायझर बंद करून पाहा. अनेक कॅमेऱ्यांत तो स्थिर चित्रालाही उगाच सरकवत राहतो.

आता विहिरीवर येऊ. मला तिथलंच सगळ्यात जास्त सांगायचंय.

सुगरणीचं घरटं नर विणतो. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर आणि छातीवर झगझगीत पिवळा रंग चढतो. तो घरटं अर्ध्यापर्यंत, शिरस्त्राणासारख्या आकारापर्यंत आणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा पाहणीला येतो. सगळे नर एकदम घरट्याला उलटे लटकून पंख फडफडवत ओरडायला लागतात. मादीला घरटं पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो, आणि मादी आत बसली की हा दुसरीकडे नवं घरटं सुरू करतो. पसंत पडलं नाही तर ते अर्धवट तसंच लोंबत राहतं. डॉ. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहून हेच तासन्‌तास बसून पाहिलं आणि नराच्या या एकाहून अधिक संसारांची रीत उलगडली. त्यांच्याकडेही मुख्य सामान म्हणजे बसायची जागा, वही आणि वेळ हेच होतं.

तुमच्या फिल्मला कथा शोधायला नको, ती इथे आयती आहे: विणणं, पाहणी, नकार किंवा होकार. मादी आली की काय होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर तुम्ही कॅमेरा तिच्यामागे पळवणार नाही. ज्या घरट्यावर ती येण्याची शक्यता आहे त्यावर आधीच रोखून बसाल.

विहिरीचा एक मोठा फायदा आहे. फांद्या आत झुकलेल्या असतात, त्यामुळे समोरच्या काठावर बसलं की घरटी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतात. झाडावरचा पक्षी खालून टिपला की त्याचं पोट आणि पांढरं आभाळ एवढंच दिसतं. इथे मागे विहिरीची काळसर भिंत मिळते. पण याच काळ्या भिंतीमुळे कॅमेरा फसतो. तो अंधार पाहून चित्र उजळ करतो आणि नराचं पिवळं डोकं पांढरंफटक होऊन जातं. त्यावरची पिसं मग कुठल्याही एडिटिंगने परत येत नाहीत. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ हवं ते, स्वतःच्या हातात घ्या. कॅमेऱ्यात झीब्रा पट्टे (फार उजळ भागावर पडद्यावर दिसणाऱ्या तिरप्या रेघा) असतील तर ते चालू करा आणि डोक्यावर पट्टे दिसेनासे होईपर्यंत चित्र गडद करत आणा. भिंत काळी गेली तर जाऊ द्या. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर ठेवू नका, ढग आला-गेला की रंग बदलत राहतात. आणि फोकस घरट्यावर हाताने लावून टाका. वाऱ्याने घरटं झुलतं तेव्हा ऑटोफोकस कधी घरट्यावर, कधी भिंतीवर असा भटकत राहतो.

शटरचा, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश किती वेळ मिळतो त्याचा, साधा नियम असा: सेकंदाला २५ चित्रं घेत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवा, हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. अडचण उन्हात येते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० वर भर उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं. तुम्हाला एफ/५.६ हवं असेल तर चार स्टॉप, म्हणजे चार वेळा निम्मा करून, प्रकाश अडवणारा एनडी (गडद काचेचा) फिल्टर लेन्सवर चढवा. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी एकच घेतला तरी पुरेल, पण अगदी हलक्या प्रतीचा घेऊ नका, लांब झूमवर तो चित्र भुरकट करतो. विणताना चोच इतकी भराभर चालते की साध्या वेगात गाठ कशी पडते ते कळत नाही. ते दृश्य सेकंदाला १०० चित्रांनी घ्या, शटर १/२०० करा आणि २५ च्या वेगाने दाखवा. चौपट संथ झालेली ती चोच पाहताना वर्गातलं एक मूल जागचं हलणार नाही.

प्रत्येक शॉट मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, पक्षी उडून गेला तरी. रिकामं झुलणारं घरटं, थोडा वेळ जातो, नर पातं घेऊन परत येतो: ही दोन-तीन सेकंदांची रिकामी जागा एडिटिंगला फार लागते. नवीन माणूस पक्षी उडाला की लगेच कॅमेरा त्याच्यामागे वळवतो आणि दोन्ही दृश्यं हातची जातात. रोज जवळची, लांबची आणि मधली अशी तिन्ही दृश्यं घ्या. पक्ष्याव्यतिरिक्तही घ्या: पाण्यावर पडलेली पाती, बांधावरचं गवत, ढगांची सावली शिवारावरून सरकताना.

आणि मोबाईल! तो विसरू नका. नर पातं कसं आणतो हे दाखवल्याशिवाय विणकामाची गंमत अपुरी राहते. उसाच्या किंवा उंच गवताच्या पात्याला तो बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड धरतो आणि उडतो, की लांब पट्टी फाटून त्याच्यासोबत निघते. नर कोणत्या गवतावर वारंवार उतरतो ते दोन दिवस पाहून ठेवा. तिथे लहान स्टँडवर मोबाईल लावा, एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग सुरू करून निघून या. तुम्ही शेजारी नसल्यामुळे पक्षी जवळ येईल, आणि मोबाईलच्या रुंद कोनात जे चित्र मिळेल ते कोणत्याही सहाशेच्या लेन्समधून मिळायचं नाही.

बसण्यासाठी लपण करा. शेतकऱ्याकडे शेडनेटचा जुना तुकडा असतोच. चार काठ्या, दुहेरी शेडनेट, समोर लेन्सपुरती फट. एका दिवसात उभं करू नका. आधी काठ्या, दुसऱ्या दिवशी निम्मं कापड, असं करत चार-पाच दिवसांत पुरं करा. आत जाताना दोघांनी जावं आणि एकाने परत निघून यावं. पक्षी माणसं मोजत नाहीत, गेलेला माणूस पाहिला की निर्धास्त होतात. ही फार जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. एक खूण मात्र सतत लक्षात ठेवा: नर चोचीत पातं घेऊन बाजूच्या फांदीवर बसला आहे आणि घरट्याकडे येत नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरका. घरट्यासमोरची डहाळी आड येते म्हणून तोडायची नाही, दोरीने मागे बांधायचीही नाही. त्या आडोशामुळे कावळ्याला घरटं सहज सापडत नसतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा प्रकार विणीच्या काळात तर अजिबात करू नका.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, बहुतेक जण विचारत नाहीत. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मायक्रोफोनमध्ये वारा आणि तुमची बोटं ऐकू येतात. झूम एच१एनसारखा छोटा रेकॉर्डर आणि त्यावर केसाळ विंडशील्ड घ्या, विहिरीच्या काठाजवळ आडोशाला ठेवा आणि चित्रीकरण चालू असो-नसो, घरट्यांचा गलका सलग काही मिनिटं भरून घ्या. विहिरीच्या भिंतींवर आपटून तो आवाज फार सुंदर येतो. अडचण एकच, पाण्याच्या मोटरीची. तुमच्याकडे थ्री-फेज वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री येते ते ठाऊक असेलच. आवाजाचं काम रात्रपाळीच्या आठवड्यात उरकून घ्या, सकाळी शिवार शांत मिळेल.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यावर फार पैसे जात नाहीत, पण ते कॅमेऱ्याच्या आधी घरात आणा. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने भरला तर तासाला ४५ जीबी होतात, त्यामुळे व्ही३० दर्जाची (वेगाने भरणारी) दोन कार्डं आणि एक हार्ड डिस्क हवीच. कार्ड त्याच रात्री रिकामं करायची सवय लावा. एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे.

रेहेकुरी हे अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथे हिवाळ्यात सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात नऊनंतर जमिनीतून उठणाऱ्या झळांनी काळवीट पाण्यात थरथरल्यासारखं दिसतं. लेन्स जितकी लांब तितकं ते जास्त दिसतं, आणि लाखाच्या लेन्सलाही त्यावर इलाज नाही. अंतर कमी करणं किंवा वेळ बदलणं, एवढंच हातात असतं. हौशी चित्रीकरणापलीकडे काही करायचं ठरलं, म्हणजे फिल्म विकायची, वाहिनीला द्यायची, तर आधी वनखात्याची लेखी परवानगी काढा. सुरुवात स्थानिक वनक्षेत्रपालांपासून करा, अर्ज पुढे वन्यजीव विभागाच्या नागपूरच्या मुख्यालयापर्यंत जातो.

भिगवणला, म्हणजे उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावातून मासेमारांच्या होडीने रोहित (फ्लेमिंगो) पाहता येतात. होडीत ट्रायपॉड लावू नका, होडीची प्रत्येक हालचाल त्याच्या पायांतून वर चढते. कापडी पिशवीत ज्वारी किंवा तांदूळ भरून बीनबॅग करा, होडीच्या काठावर ठेवा आणि त्यावर कॅमेरा दाबून धरा. हीच पिशवी जिप्सीतही चालते. नावाड्याला आधीच सांगा की थवा उडवायचा नाही. काही पर्यटक उडणाऱ्या थव्यासाठी हट्ट धरतात आणि बिचारा नावाडी गिऱ्हाईक जाईल म्हणून ऐकतो. चरणारे पक्षी पुन्हा पुन्हा उडवले की त्यांचं खाणं मोडतं. शांत थांबलात तर चोच उलटी पाण्यात घालून चिखल गाळणारा रोहित तुम्हाला जवळून मिळेल, आणि ते दृश्य उडत्या थव्यापेक्षा कितीतरी कमी लोकांकडे आहे.

ड्रोन नको. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही, आणि बाहेरही काळवीट त्याच्या आवाजाने सैरावैरा धावतं. घरट्यांच्या झाडावर तर तो शिकारी पक्ष्यासारखा घिरट्या घालतो.

मुलांना जरूर न्या, पण एका वेळी दोघा-तिघांनाच. आधी विहिरीचा कठडा पाहा. जुन्या विहिरींना पुष्कळदा तो नसतो, आणि पावसात काठावरची माती निसरडी होते. कठडा नसेल तर मुलांना काठाच्या बऱ्याच अलीकडे बांधावर बसवा आणि तिथून पुढे यायचं नाही असं दोरी बांधून दाखवा. तुम्हीही डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना एकही पाऊल टाकायचं नाही, जागा बदलायची तर आधी डोळा काढायचा. विहीर ज्यांची आहे त्यांना पहिल्याच दिवशी जाऊन सगळं समजावून सांगा, म्हणजे मुलं काठाजवळ दिसली तर तेही लक्ष ठेवतील. मुलांकडे एक वही द्या. प्रत्येक घरट्याला क्रमांक, आणि रोजची नोंद: नर किती वेळा पातं घेऊन आला, मादी आली का, आत गेली का, घरटं कुठवर आलं. मादी कोणत्या घरट्यावर फिरकते आहे हे त्या वहीतून तुम्हाला आदल्या दिवशीच कळेल, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा कुठे रोखायचा ते तिसरीतलं पोरसुद्धा सांगेल.